बेनिंग्टनचं संग्रहालय: मोझेस आजींची चित्रं बघायची तर आधी टेबल बघा

ऑक्टोबरात पानगळीचे रंग बघायला बॉस्टन, ऑल्बनी किंवा न्यू जर्सीहून व्हरमाँटला निघालेल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या गाड्या बेनिंग्टनवरून जातात. गावात थांबणं होतं ते गॅस भरायला आणि मॅपल सिरपची बाटली घ्यायला. मेन स्ट्रीटवरच एक जुनी दगडी इमारत आहे. मुळात ते कॅथलिक चर्च होतं. १९२८ साली तिथे संग्रहालय सुरू झालं. ग्रँडमा मोझेस यांच्या चित्रांचा सार्वजनिक संग्रहांतला सगळ्यात मोठा साठा या इमारतीत आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. चित्रकला, भरतकाम, गोधड्या, वाळवणं-साठवणं यांपैकी कशातही रस असेल तर वाट वाकडी करून जा. दोन तास हाताशी ठेवा, त्यातला निदान एक तास आजींच्या दालनाला द्या. ‘फेमस पेंटिंग’समोर फोटो काढून पुढे जायचं असेल तर दहा मिनिटांत आटपेल आणि तिकीट वसूल झाल्यासारखं वाटणार नाही. दोष संग्रहालयाचा नाही. ही चित्रं लांबून बघितली तर सगळी एकसारखीच दिसतात: बर्फ, लाल घर, घसरगाडी, टेकड्या.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲना मेरी रॉबर्टसन, जन्म ७ सप्टेंबर १८६०, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच गावी. बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या घरी कामाला. २७व्या वर्षी थॉमस मोझेस या शेतमजुराशी लग्न, मग व्हर्जिनियात शेती. तिथे त्यांनी लोणी काढून विकलं, बटाट्याचे वेफर्स तळून विकले. दहा बाळंतपणं, त्यातली पाच मुलं जगली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यात ईगल ब्रिजला परतलं, १९२७ साली नवरा गेला. नेमाने चित्रं काढायला लागल्या तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. १३ डिसेंबर १९६१ रोजी, १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, तोवर दीड हजारांच्या वर चित्रं झाली होती. त्यातली पंचवीसेक तर शंभरी उलटल्यावरची.

आता दालनात शिरा, पण भिंतींकडे वळू नका. आधी त्यांचं टेबल शोधा. वरची फळी उभी करून मिटता येते असं हे जुनं लाकडी टेबल, आणि त्याच्या खालच्या भागावरही आजींनी निसर्गदृश्यं रंगवून ठेवलीत. ईझल, म्हणजे चित्र उभं टेकवायची घोडी, त्या वापरत नसत. या टेबलावर चित्राचा बोर्ड आडवा ठेवायचा, जुन्या फिरत्या खुर्चीत उशा घालून बसायचं आणि पोळपाटावर वाकावं तसं चित्रावर वाकायचं. हे एकदा डोळ्यांत बसलं की चित्रांमधलं एक कोडं सुटतं. त्यांच्या प्रत्येक दृश्यात आपण कुठेतरी वरून, टेकडीवरून खाली बघत असतो. शेतं अंगावर उलगडून येतात, लांबचं माणूस आणि जवळचं माणूस यांच्यात फारसा फरक नाही, सावल्या जवळपास नाहीतच. शाळेत शिकवतात तो परिप्रेक्ष्य इथे शोधू नये. ताट वाढलेलं असतं तसं ते चित्र आहे. डावीकडे काय, उजवीकडे काय, हे ठरलेलं, आणि प्रत्येक पदार्थ वेगळा दिसला पाहिजे.

त्यांची कामाची रीत कळली की बाकीचं सोपं होतं, म्हणून ती जरा सविस्तर.

पाया कॅनव्हासचा नाही, मॅसोनाइटचा, म्हणजे आपल्याकडे हार्डबोर्ड म्हणतात त्याचा. आधी फ्रेम हातात घ्यायची, मग फ्रेमच्या मापाने बोर्ड कापायचा. फ्रेम नसेल तर चित्र कशाला, असा सरळ हिशोब. बोर्डाला एक हात जवसाच्या तेलाचा, त्यावर बिनचमकीच्या पांढऱ्या रंगाचे तीन हात. तीनच का? हार्डबोर्ड तपकिरी असतो आणि एक-दोन हातांनी तो झाकला जात नाही. तपकिरी खालून डोकावला तर बर्फ मळका दिसतो, आकाश मरगळतं. बेनिंग्टनमधली हिवाळ्याची चित्रं इतकी उजळ वाटतात त्यात या तीन हातांचा वाटा मोठा आहे.

मग वरून खाली यायचं. आधी आकाश, मग डोंगर, मग जवळच्या टेकड्या, झाडं, घरं, गुरं, आणि शेवटी माणसं. एका वेळी तीन-चार बोर्ड घेऊन बसायच्या. आकाशाचा निळा कालवला की सगळ्या चित्रांची आकाशं एका बैठकीत. रंग वाया जात नाही, ब्रश पुन्हा पुन्हा धुवावा लागत नाही. एकदा पीठ मळलं की सगळ्या पोळ्या लाटून घ्याव्यात, तसलं हे गणित. रंग ठेवायला डब्यांची झाकणं, बारीक कामाला, म्हणजे डोळा, तोंड यांना, काड्यापेटीची काडी किंवा टाचणी. सुरुवातीला घर रंगवायचा रंगही चालला. घोडा, घसरगाडी, पळणारी पोरं यांच्यासाठी वर्तमानपत्रं, मासिकं, शुभेच्छापत्रं यांतली कात्रणं साठवलेली असत. हवी ती आकृती कागदावरून गिरवून घ्यायची आणि दृश्यात बसवायची. काही जण याला नक्कल म्हणतात. आमच्या मते रांगोळीच्या पुस्तकातला मोर उचलून आपल्या अंगणात काढणाऱ्या बाईला कुणी नकलाकार म्हणत नाही. आकृती उसनी, पण अंगण तिचंच असतं.

भिंतीवरची चित्रं बघताना दोन गोष्टी करा. वाचायचा चष्मा असेल तर तो घालूनच आत जा, कारण खरी मजा नखाएवढ्या माणसांत आहे. आणि हिवाळ्याच्या चित्रासमोर सरळ उभं न राहता किंचित बाजूला सरकून तिरकं बघा. काही चित्रांत बर्फावर चमकी टाकलेली आहे. अक्षरशः चमकी, शाळेच्या प्रकल्पांना लावतात तशी. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण उन्हात पडलेला ताजा बर्फ ज्याने बघितलाय त्याला कळतं की तो पांढरा नसतोच, तो लुकलुकत असतो. समोरून ही चमक मरते, बाजूने जिवंत होते. छापील प्रतीत आणि मोबाइलच्या फोटोत ती येतच नाही. बेनिंग्टनला प्रत्यक्ष जाण्याचं हे एक चोख कारण आहे.

चित्रांमधल्या बायकांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. इथे कुणी आरशासमोर बसलेली नाही, कुणी खिडकीतून उदास बघत नाही, चेहरे तर ठिपक्या-रेघांपलीकडे जातच नाहीत. बाईपण आहे ते हातातल्या कामात. धुणं वाळत घालणाऱ्या, साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या, टर्की पकडायला धावणाऱ्या. ‘ॲपल बटर’ करण्याचं १९४७चं चित्र घ्या. नावात बटर असलं तरी लोण्याचा संबंध नाही, तो सफरचंदाचा आटवलेला लगदा. व्हर्जिनियातल्या संसाराची ही आठवण. दोन पिंपं सफरचंदाचा रस बागेतच पितळी काहिलीत उकळत ठेवायचा, त्यात तीन पिंपं फोडी थोड्या थोड्या सोडायच्या आणि दिवसभर, नंतर रात्रीही, ढवळत राहायचं. थांबलं की तळाला लागलं. म्हणून ढवळायला पाळ्या, आणि रात्रीच्या पाळीला तरुण पोरापोरींच्या जोड्या. गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. ‘शुगरिंग ऑफ’ तर जवळपास गुऱ्हाळच: मॅपलच्या झाडाचा चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन सिरप मिळतं, आणि पोरं गरम पाक बर्फावर ओतून गोठवून खातात. या विषयावरचं १९४३चं एक चित्र २००६ साली लिलावात १२ लाख डॉलरच्या आसपास गेलं. नाव होण्याआधी गावच्या औषधाच्या दुकानात आजींची चित्रं विकायला ठेवलेली असत, तेव्हा छोट्या चित्राची किंमत होती तीन डॉलर, मोठ्याची पाच.

‘क्विल्टिंग बी’ हे १९५०चं चित्र गोधडी शिवणाऱ्या बायकांचं. चौकटीवर ताणलेली गोधडी, भोवती बायका, शेजारी जेवणाचं भरगच्च टेबल. घराच्या आतली दृश्यं त्यांना फारशी रुचत नसत आणि ते दिसतंही. उघड्या माळावर सहज वावरणाऱ्या त्यांच्या आकृत्या खोलीत जरा अवघडतात. तरी गोधडीचे तुकडे बघा. नीट बघितलं तर त्यांची शेतंही अशीच जोडलेली आहेत: हिरवा तुकडा, पिवळा तुकडा, मधे कुंपणाची टाक्याटाक्याची शिवण. हा हात आधी सुईचा होता, हे विसरायला होत नाही.

या सुईचं आणि बेनिंग्टनचं नातं थेट आहे. १९३२ साली आजी बेनिंग्टनला आल्या त्या मुलीच्या, ॲनाच्या, आजारपणासाठी. तिला क्षय होता. तिने एक लोकरीचं भरलेलं चित्र दाखवलं आणि तुला असं जमेल का म्हणून विचारलं. जमलं. लोकरीचे लांब टाके एकमेकांवर चढवत, रंगात रंग मिसळत भरलेली ती चित्रं. ॲना पुढच्या वर्षी गेली. आजी तिच्या मुलांसाठी आणखी काही काळ राहिल्या आणि १९३५ साली ईगल ब्रिजला परतल्या. मग सांधेदुखीने सुई धरवेना, तेव्हा बहीण सेलेस्टिया म्हणाली, भरण्यापेक्षा रंगव. उजवा हात दुखला की ब्रश डाव्या हातात. भरतकाम करणाऱ्यांनी तैलचित्रांतली झाडं जवळून बघावीत. पानांचे फटकारे लांब टाक्यासारखेच एकावर एक चढलेले आहेत.

दहातली पाच मुलं तान्हेपणीच गेली, मुलगी डोळ्यांदेखत गेली. यातलं काही चित्रांत नाही. जत्रा, सण, लग्न, पहिला बर्फ, एवढंच. काही जणांना हे खोटं, गोग्गोड वाटतं. तो आक्षेप पूर्ण खोडता येत नाही, सलग वीस चित्रं बघितली की गोडवा अंगावर येतो हे खरंच. उपाय एवढाच की एका दमात सगळी बघू नका. पाच-सहा निवडा आणि मधे उठून शाळा बघून या.

शाळा म्हणजे खरीखुरी शाळा. ईगल ब्रिजमध्ये लहानपणी त्या ज्या एका खोलीच्या शाळेत गेल्या, ती इमारतच १९७२ साली इथे आणून बसवली आहे. पोरं बरोबर असतील तर याचा फार उपयोग होतो. लहानपणी वडील एक सेंटला एक असे मोठे कोरे कागद आणायचे आणि त्यावर ही मुलगी द्राक्षांच्या, बेरींच्या रसाने रंगवायची, हे मुलांना शाळेत बसवूनच सांगावं.

त्यांचा ‘शोध’ लागला ती गोष्ट सगळीकडे सांगतात, म्हणून दोन ओळींत. १९३८ साली हूसिक फॉल्सच्या औषधाच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलेली चित्रं लुई कॅल्डर नावाच्या न्यूयॉर्कच्या इंजिनियरने सगळीच्या सगळी घेतली आणि घर शोधत गेला. सुनेने सांगून टाकलं, दहा चित्रं आहेत. बघतात तर नऊ. आजींनी एक मोठं चित्र मधोमध कापून दोन फ्रेमा भरल्या. १९३९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तीन चित्रं लागली, १९४० साली ऑटो कॅलिर यांच्या गॅलेरी सेंट एटिएनमध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं. जत्रेत मात्र बक्षिसं मिळाली होती ती मुरंब्यांना, चित्रांना नाही.

आता खरेदीचं. छापील प्रत घ्यायची तर कागद बघून घ्या. पातळ, चकचकीत पोस्टर फ्रेममध्ये वर्षभरात लाटा खातं, आणि आजींचा बर्फ त्यावर निळसर किंवा पिवळट होतो. जाड, बिनचमकीचा, आम्लविरहित कागद असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. भिंतीवर थेट ऊन येत असेल तर काहीच लावू नका. छोट्या आकाराची प्रत घेऊ नये, माणसं मुंग्या होतात. कुणी ‘मूळ चित्र’ म्हणून विकायला आणलं तर मागची बाजू उलटून बघा. आजी वहीत नोंद ठेवत, मागे चित्राचं नाव, तारीख आणि क्रमांकाची चिठ्ठी लावत, पुढे खाली ‘मोझेस’ अशी सही. कॅलिर यांच्या १९७३च्या सूचीत तो क्रमांक जुळला पाहिजे. चिठ्ठी नाही आणि बोर्डाऐवजी ताणलेला कॅनव्हास आहे, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

परतल्यावर घरी करून बघायची इच्छा होतेच, म्हणून दोन धोके सांगून ठेवतो. जवसाचं तेल लावलेल्या बोर्डावर ॲक्रिलिक लावू नका, तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. ॲक्रिलिक वापरायचं तर तेल लावूच नका आणि ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पुण्या-मुंबईत ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड सुताराकडून कापून मिळतो. मागच्या बाजूलाही एक हात द्याच, नाहीतर पावसाळ्यात बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. एमडीएफ नको, कडांना पाणी लागलं की फुगतो. दुसरा धोका जास्त गंभीर आहे: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकली तर ती वाळताना तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा किंवा झाकण असलेल्या, पाण्याने भरलेल्या टिनात टाका.

जायचं कसं. ऑल्बनीहून तासाभराचा रस्ता, न्यूयॉर्क राज्याचा रूट ७, जो सीमेपलीकडे व्हरमाँटचा रूट ९ होतो. बॉस्टनहून सुमारे तीन तास. रूट २ने मोहॉक ट्रेल करत विल्यमस्टाउन आणि तिथून उत्तरेला यूएस रूट ७ (वरचा न्यूयॉर्कचा रूट ७ वेगळा) हा मार्ग सुंदर आहे पण वळणांचा, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून साडेतीन तास धरा, पानगळीच्या शनिवारी चार. बेनिंग्टनला रेल्वे जात नाही. संग्रहालय रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात बंदचा काळ असतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ बघा. मार्चमध्ये सिरप आटवताना बघायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. चित्रं आलटूनपालटून लावली जातात, काही बाहेर प्रदर्शनांना गेलेली असतात. एखादं ठरावीक चित्रच बघायचं असेल तर आधी विचारून घ्या. ‘वॉश डे’ हे धुण्याचं चित्र इथे शोधत बसू नका, ते प्रॉव्हिडन्सला आरआयएसडीच्या (रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन) संग्रहालयात आहे. ‘हूसिक फॉल्स इन विंटर’ वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये.

वेळ उरला तर चढावरच्या ओल्ड फर्स्ट चर्चच्या मागे कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांचं थडगं आहे. पण आमची शिफारस वेगळी: आणखी पश्चिमेला हूसिक फॉल्स, जिथल्या मेपल ग्रोव्ह दफनभूमीत आजी आहेत, आणि तिथून ईगल ब्रिज. दुपारी चारनंतर जा, ऊन तिरकं होतं आणि टेकड्यांच्या एकामागून एक फिकट निळ्या होत जाणाऱ्या रांगा चित्रातल्यासारख्या सुट्या सुट्या दिसतात. विजेचे आणि टेलिफोनचे खांब मधे येतात. ते आजींच्या वेळीही होते, ट्रॅक्टरही होते. त्यांनी ते चित्रात घेतले नाहीत.